एकशे चौदा नंबरची फळी

ॲव्हरिल हॅकेटच्या हाताखालून गेलेल्या वस्तूला सुरकुती राहत नसे. कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या विलनहॉल गावात, त्यांच्या गल्लीत, निम्म्या घरांतल्या खुर्च्या तिनेच मढवलेल्या होत्या, आणि शिवण कुठे आहे ते शोधून दाखवा, असं ती पैजेवर सांगत असे. पण भिंतीवर चित्र टांगायचं म्हटलं की हीच बाई दोन पावलं मागे सरायची. "मला नका विचारू. माझा डोळा उतरता आहे," म्हणायची. घरच्यांनीही ते धरून ठेवलं होतं. नाताळच्या केकवर सुरी तिरकी चालली की मुलगी म्हणायची, "सुरी आईवर गेली!" आणि सगळे हसायचे. सगळे म्हणजे, नवरा सोडून. नेव्हिल नेमका तेव्हा चहा करायला उठलेला असायचा.

या सगळ्याचं मूळ मागच्या शेडमध्ये एका जुन्या ब्लँकेटखाली होतं. नेव्हिलच्या गिटारच्या स्पीकरची ती पेटी. कमरेएवढी उंच, चार मोठे स्पीकर पोटात घेतलेली, दोन माणसं लागतील एवढी जड. अंगावर काळं रेक्झिन, आणि तोंडावर करड्या रंगाचं जाड विणीचं कापड, ज्यात बोट-बोट अंतरावर काळ्या आडव्या रेघा. त्या रेघा डावीकडून उजवीकडे पाव इंच उतरत गेल्या होत्या. पाव इंच ते काय, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटेल त्याने ते ॲव्हरिलसमोर बोलून पाहावं.

कापड तिनेच लावलं होतं, १९७३ साली, वीस वर्षांची असताना. स्पीकरच्या पेट्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात रेक्झिन चढवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण पुढचं कापड ताणायचं काम फक्त चौघींना मिळे, आणि त्या चौघींत ॲव्हरिल सगळ्यांत लहान. काम असं: सुतारखान्यातून चार भोकांची फळी यायची, तिच्या वरच्या काठाला कापडाची रेघ समांतर धरायची, कापड ढोलासारखं ताणायचं आणि मागून पिना मारायच्या. फळी मोजायची नाही. लाकूड सुताराचं, कापड आपलं. सुताराच्या फळीला गुण्या लावून काटकोन तपासणं म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणणं, अशी तिथली रीत होती. मग फळी पेटीत बसायची, कडेने पांढरी पट्टी लागायची, आणि उरल्यासुरल्या फटी तिच्याखाली झाकून जायच्या.

ती पेटी तयार झाली त्या दिवशी मुकादम मिस्टर पर्सलो पेटीपासून तीन पावलं मागे सरला, डोळे बारीक केले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही रेघ गुत्त्यातून घरी चाललेली दिसते." हॉल हसला. सोमवारपासून ॲव्हरिलची रवानगी मागच्या टेबलावर झाली. तिथे पेट्यांना हँडल आणि रबरी पाय बसवायचे. पोटात पोर येईपर्यंत सहा वर्षं तिने हँडलं बसवली. पुढचं कापड पुन्हा कधी तिच्या हातात आलं नाही.

ती डागी पेटी कामगारांसाठीच्या विक्रीत निघाली तेव्हा सुतारखान्यातल्या एका लाजऱ्या पोराने ती घेतली. तो शनिवार-रविवारी क्लबांमधून गिटार वाजवायचा. तोच नेव्हिल. दोन वर्षांनी त्याने ॲव्हरिललाही मागणी घातली. "माझी चूक विकत घेणारा नवरा मिळाला," ती मैत्रिणींना सांगायची. "आणखी काय पाहिजे बाईला?"

यंदाच्या हिवाळ्यात शेडचं छप्पर गळलं आणि पेटीच्या बुडाचं रेक्झिन सालीसारखं सुटलं. पुढचं कापड उंदरांनी कुरतडलं. आणि त्याच हिवाळ्यात ॲव्हरिलच्या डोळ्यांमागच्या पडद्याचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चौकटी छापलेला एक कागद दिला होता. तो फ्रिजवर लावून रोज सकाळी एकेक डोळा झाकून पाहायचं: रेघा सरळ दिसतात का? डाव्या डोळ्याला मधल्या रेघा कपडे वाळत घातलेल्या दोरीसारख्या झोळ पडलेल्या दिसत. उजव्या डोळ्यात सुरुवात होती. महिन्याला एक इंजेक्शन. त्याने दुखणं थांबेल, पण गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं.

"नेव्हिल, मी तुझी पेटी मढवणार आहे," मार्चमधल्या एका सकाळी ती फ्रिजसमोर उभी राहून म्हणाली. एक डोळा अजून तळहाताने झाकलेला होता.

नेव्हिल टोस्टला लोणी लावत होता. "नवीन घेऊ की. आता पिशवीत मावतील एवढ्याल्या मिळतात."

"त्या घे आणि त्यांतून बटाटे आण. मी मढवणार म्हटलं ना."

"बरं, रेक्झिन मढव. पुढचं कापड राहू दे."

"अरे, पुढच्या कापडासाठीच तर चाललंय सगळं! अर्धं उंदरांनी खाल्लंय, आणि उरलंय ते अजून गुत्त्यातून घरी चाललंय. एप्रिलमध्ये क्लबात तुमचं वाजवणं आहे. सगळे येणार, कारखान्यातली रीटा येणार. डोळे आहेत तोवर ती एक रेघ मला सरळ करायचीय, नेव्हिल. एकदाच. मग ते गेले तरी चालतील."

"असं बोलू नये."

"मग मध्ये येऊ नये."

नेव्हिल मध्ये आला नाही, पण बाजूलाही झाला नाही. स्पीकर मीच काढणार, असा त्याने हट्ट धरला आणि शेडचं दार लावून घेतलं. चार स्क्रूंच्या कामाला त्याने अख्खी दुपार लावली. बाहेर आला तो म्हणाला, "फळीला हात लावू नकोस. जुनी आहे, भेगा पडतील. शुक्रवारी मी बघतो."

"शुक्रवारीच का?"

"शुक्रवार बरा असतो."

म्हातारा होत चाललाय, असं म्हणून ॲव्हरिलने सोडून दिलं. शुक्रवार उगवला, पण त्याच दिवशी तिच्या इंजेक्शनची तारीख निघाली. डोळ्यांत थेंब घातल्यावर तिला घरी आणायला गाडी कोण चालवणार? नेव्हिलच. फळी राहिली ती राहिलीच.

दरम्यान तिचं काम जोरात सुरू होतं. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा सोडत तिने जुनं रेक्झिन सोलून काढलं. खाली फिकट लाकूड निघालं. खड्ड्यांत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली, गालावरून हात फिरवावा तसा त्यावरून हात फिरवला. मग नवीन रेक्झिन. दोन्ही अंगांना सोल्यूशन लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, आणि मग टेकवायचं. एकदा टेकलं की टेकलं, पुन्हा उचलणं नाही. जोडावर दोन्ही कडा एकीवर एक ठेवून सुरीचा एकच घाव घालायचा, खालचा-वरचा कचरा ओढून काढायचा, की दोन्ही कडा अशा भेटतात की मध्ये केस जाणार नाही. पन्नास वर्षांत केलेलं नव्हतं, पण हात काही विसरले नव्हते. डोळ्यांचं फारसं काम पडलंच नाही. ॲव्हरिल शेडमध्ये एकटीच गुणगुणू लागली, आणि बाहेर वाफ्यात कांद्याची रोपं लावणारा नेव्हिल ते ऐकून उगाचच वाकून राहिला.

त्यालाही एक काम होतं. एका स्पीकरचा कागदी कोन फाटला होता. नेव्हिलने चहाची पिशवी उसवली, चहा कुंडीत टाकला आणि तो पातळ कागद पाणी घातलेल्या गोंदात भिजवून चिरेवर बसवला. फुंकर घालून वाळवला. "आता हा पन्नास वर्षं बोलेल," तो म्हणाला.

"तू आधी नीट बोल," ॲव्हरिल म्हणाली. "आठवडाभर तोंडाला कुलूप. विलनहॉलचा असलास म्हणून काय झालं?"

बुधवारी नेव्हिल बँडच्या तालमीला गेला, आणि ॲव्हरिलने शुक्रवारची वाट पाहायची नाही असं ठरवलं. कापड आलेलंच होतं, तशाच विणीचं, तशाच रेघांचं. मढवून झालेली पेटी दोघांनी आधीच स्वयंपाकघरात आणून ठेवली होती. तिने फळीही शेडमधून तिथे आणली, जुन्या पिना उपटल्या, नवं कापड अंथरलं. वरच्या काठावर अंगठा ठेवून रेघ चाचपली. जाड विणीत रेघ बोटाला लागते. अंगठ्याच्या एका टोकाला काठ, दुसऱ्या टोकाला रेघ, आणि तेच अंतर धरत डावीकडून उजवीकडे. असंच शिकवलं होतं, आणि असंच तिने तेव्हा केलं होतं. चार पिना मारल्या, फळी उचलून पेटीत बसवली, तीन पावलं मागे सरली.

रेघ उजवीकडे उतरत होती.

डोळा फसवतोय, असं तिला वाटलं. डोळे मिटून तिने पेटीच्या कडेपासून रेघेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. डावीकडे एक नख. उजवीकडे नख आणि वर आणखी थोडं. बोटंही तेच सांगत होती. तिने पिना काढल्या आणि पुन्हा केलं, श्वास धरून, लहान मुलीसारखी जीभ दातांत धरून. पुन्हा तेच. तेवढंच, पाव इंच.

ॲव्हरिल खुर्चीत बसली आणि तिला रडू फुटलं. पर्सलो बरोबर होता, हेच तिच्या मनात आलं. एकावन्न वर्षं मनाच्या एका कोपऱ्यात तिने वाचवून ठेवलं होतं, की एकदा पुन्हा संधी मिळाली तर दाखवीन. संधी मिळाली आणि हातांनी तेच केलं. म्हणजे खोट डोळ्यात नव्हतीच, तिच्यातच होती. मांजर पायाशी येऊन बसलं. तिने ॲप्रनला नाक पुसलं आणि नेव्हिल यायच्या आत सगळं आवरावं म्हणून हत्यारं पेटाऱ्यात टाकायला घेतली. त्यात गुण्या होता.

तो फळीच्या कोपऱ्याला लावावा असं तिला का वाटलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कारखान्यात असती तर लावला नसता. तिने गुण्या टेकवला आणि काठ व लोखंड यांच्यामध्ये दूधवाल्याची चिठ्ठी सरकवून पाहिली. चिठ्ठी आत गेली. घडी घालून पाहिली, तरी गेली. दुसऱ्या कोपऱ्याला गुण्या टेकेचना, वरच अडकला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे एकावन्न वर्षं नाचणारीला हसून झालं होतं, आणि अंगण खरोखर वाकडं होतं.

तिने फळी पालथी केली. प्रत्येक सुतार फळीच्या पाठीवर पेन्सिलीने आपला नंबर घाली, तो कुठे असतो ते तिला ठाऊक होतं, स्पीकरच्या कडेखाली. तिथे बोटाला गुळगुळीत लागलं. काळी टेप. जुनी नव्हे, अगदी नवी, कडा अजून मऊ. तिने नखाने उचकटली. खाली जाड सुतारी पेन्सिलीत तीन आकडे होते, एवढे मोठे की तिच्या डोळ्यांनाही दिसावेत. एक, एक, चार.

दाराजवळ किल्ल्यांच्या खिळ्यावर नेव्हिलचा कारखान्यातला हजेरीचा पितळी बिल्ला लग्नापासून टांगलेला होता. त्यावर काय आहे ते बघायला तिला उठावं लागलं नाही.

नेव्हिल संध्याकाळी पाचला आला. टेबलावर ताट वाढलेलं होतं, फॅगट म्हणजे खिम्याचे गोळे आणि वाटाणे, वर गरम रस्सा. ताटापलीकडे फळी उभी होती, पाठ त्याच्याकडे. त्याने ती पाहिली, हळूच कानाकडे हात नेला आणि कानातलं ऐकायचं यंत्र बंद केलं.

ॲव्हरिलने बोट वर केलं. "चालू कर."

त्याने चालू केलं.

"तुझा नंबर आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

नेव्हिलने काट्याने एक वाटाणा बाजूला सारला. "कापायच्या मशीनवरची मापाची पट्टी हलली होती," तो म्हणाला. "आदल्या रात्री डडलीत वाजवून पहाटे घरी आलो होतो, डोळे उघडत नव्हते. फळी कापली आणि हातातच कळलं. सुताराला कळतं ते. म्हटलं, बाजूला काढू. तेवढ्यात ट्रॉली आली, आणि मी ठेवली तिच्यावर. माझ्या दोन ताकिदी झाल्या होत्या, ॲव्हरिल. तिसरीला घरी बसवत होते. आई एकटी होती."

"आणि मी?"

"तुला मी ओळखत नव्हतो."

"मग ओळखलंस ना? चांगलं चर्चात नेऊन ओळखलंस!"

"सांगायलाच आलो होतो मी. कॅन्टीनमध्ये. आठवतं? तू एकटीच होतीस, रडून नाक लाल झालेलं. मी म्हटलं, मला काहीतरी सांगायचंय. तू म्हणालीस, आधी बस, आणि तुझा चीज-कांद्याचा अर्धा पाव माझ्यापुढे सरकवलास. तो खाल्ला, आणि मग सांगवेना."

"म्हणजे माझाच पाव खाऊन..."

"हो."

"आणि पेटी? ती माझ्यासाठी घेतलीस असं मी गावभर सांगत फिरले!"

"दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून घेतली," नेव्हिल म्हणाला. एवढ्या वर्षांनी सांगायचंच आहे तर सगळं सांगावं, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. "परवा शुक्रवारी, तू बाजारात गेलीस की, रंधा मारून सरळ करणार होतो. तुला कळलंच नसतं."

ॲव्हरिलने त्याचं ताट उचललं आणि मांजरापुढे ठेवलं.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. बोलायची ते मांजराशी. "पिकल, त्या माणसाला सांग, दूध संपलंय." नेव्हिल म्हणायचा, "पिकल, तिला सांग, आणलंय." मांजराला एवढं महत्त्व आयुष्यात मिळालं नव्हतं, ते नुसतं फुगून बसलं. रात्री ती भिंतीकडे तोंड करून निजायची. राग येत होता आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. पर्सलो मरून वीस वर्षं झाली. त्या हॉलच्या जागी आता दुकानांचं पार्किंग होतं. उरला होता तो हा एकटा, रोज सकाळी तिला चहा आणून देणारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्याने उतरत होती. जिन्याच्या भिंतीवर घरातले सगळे फोटो होते, मुलीच्या बाप्तिस्म्यापासून नातवंडांपर्यंत. उतरता उतरता ती थबकली. हे सगळे नेव्हिलने टांगले होते. हा सुतार माणूस, सपाटी बघायची पाणसळ पेटाऱ्यात पडलेली, आणि या घरात त्याने ती एकदाही भिंतीला लावली नव्हती. प्रत्येक वेळी शिडीवर उभा राहून तिला हाक मारायचा: ॲव्हरिल, सरळ आहे का? ती म्हणायची, मला काय विचारतोस, माझा डोळा उतरता. तो शिडीवरून हलायचाच नाही. मग ती वैतागून सांगायची, डावीकडून जरा वर. आणि तो अगदी तेवढंच वर करून खिळा ठोकायचा. चेष्टा करतो, असं तिला वाटायचं.

नेव्हिल स्वयंपाकघरात कप धूत होता.

"तू फोटो टांगताना मला का विचारायचास?" तिने दारातूनच विचारलं. मांजराला नाही, त्याला.

त्याने नळ बंद केला. "कारण तुझा डोळा सरळ आहे, हे या घरात फक्त मलाच ठाऊक होतं," तो म्हणाला.

ॲव्हरिलला पुन्हा रडू आलं, पण हे रडू वेगळं होतं आणि त्यात राग होताच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, लग्नाला पन्नास वर्षं होत आली की सवय होते. "ज्याला माहीत होतं तोच चहा करायला उठून जायचा," ती म्हणाली. "मुलगी हसायची तेव्हा."

"मला ऐकवायचं नाही."

"मला ऐकावं लागायचं." तिने डोळे पुसले. "आता ऐक. फळीला रंधा लावायचा नाही. ती तशीच राहील, तुझ्या नंबरासकट. कापड मी पेटीला धरून सरळ लावणार. पण मग बोटाला काठ मिळणार नाही, आणि माझ्या डोळ्यांचं तुला माहीत आहे. तेव्हा तू समोर उभं राहून सांगायचं."

"मी?"

"तूच. आणि दुसरं. क्लबात माइकवर सांगायचं. पर्सलो सगळ्यांसमोर बोलला होता."

नेव्हिलचा चेहरा उतरला. आयुष्यभर तो स्टेजच्या मागच्या बाजूला उभा राहून वाजवत आला होता. माइकपुढे त्याने कधी 'एक-दोन-तीन'सुद्धा म्हटलं नव्हतं. "सांगतो," तो म्हणाला.

त्या दिवशी दुपारी त्यांनी फळी पेटीत उभी केली, नुसती टेकवून, आणि ॲव्हरिलने कापड वरून सोडलं. नेव्हिल तीन पावलं मागे, पर्सलो उभा राहायचा तेवढ्याच अंतरावर, डोळे बारीक करून. तिला रेघ मध्येच झोळ पडलेली दिसत होती आणि तो झोळ खरा नाही हे तिला माहीत होतं. तेवढंच माहीत होतं.

"उजवीकडे केसभर वर," नेव्हिल म्हणाला.

तिने केसभर ओढलं.

"आणखी अर्धा केस."

"आता?"

"आता सरळ."

ती थांबली. मग तिने उजवा हात नखभर खाली सोडला. मुद्दामच. "आता बघ. सरळ आहे ना?"

नेव्हिल बोलेना. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. हो म्हणाला असता तर तिने तिथल्या तिथे कापड फाडून टाकलं असतं, हे तिने मनाशी ठरवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "वाकडं केलंस, ॲव्हरिल. तूच खाली सोडलंस. मी बघितलं."

"सांगायला किती वेळ लागला?"

"लागला थोडा."

"पन्नास वर्षांपेक्षा कमी लागला," ती म्हणाली आणि रेघ पुन्हा वर घेतली. खडूने खुणा केल्या, फळी आडवी टाकली, आणि दोघांनी मिळून कापड ताणलं, त्याने ओढायचं, तिने पिन मारायची. शेवटी केस वाळवायच्या मशीनची हवा दिली तसं कापड कसलं गेलं. टिचकी मारली तर ढोल वाजला. स्पीकर बसवायच्या आधी तिने सुतारी पेन्सिल मागून घेतली आणि एकशे चौदाच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं: ॲव्हरिल.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी कुलूपवाल्यांच्या क्लबात बसायला जागा नव्हती. टेबलांवर बिअरचे ग्लास, चीज-कांद्याचे पाव, डुकराच्या कातडीच्या कुरकुरीत तुकड्यांच्या पिशव्या. ॲव्हरिल पुढच्या टेबलावर होती आणि शेजारी रीटा, त्या चौघींतली ॲव्हरिलखेरीज ती एकच आता उरली होती. बँडमधले तिघे म्हातारे स्टेजवर आले. मागे ती पेटी, काळी कुळकुळीत, कोपऱ्यांवर नवं पितळ. पण नेव्हिल आपल्या नेहमीच्या जागी गेला नाही. तो माइकपाशी आला, गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत उभा राहिला आणि लोक गप्प झाले, कारण या माणसाचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

"ही पेटी," तो म्हणाला, आणि खाकरला. "हिच्या कापडावरची रेघ वाकडी होती. एकावन्न वर्षं. माझ्या बायकोला त्यासाठी पुढच्या टेबलावरून काढलं. इथे बसलेल्यांपैकी काही जण तेव्हा हसले होते." कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. "कापड सरळच होतं. फळी वाकडी होती. फळी मी कापली होती. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. तेव्हा नाही, आणि नंतरही नाही. एवढंच सांगायचं होतं. तिच्यासारखं कापड त्या कारखान्यात कुणी लावत नव्हतं."

रीटाने ॲव्हरिलचा हात एवढा घट्ट धरला की अंगठी रुतली. "मेला!" रीटा स्टेजकडे बघून म्हणाली, आणि मग ॲव्हरिलकडे वळून, "मी पण हसले होते गं. तेव्हा. मला माफ कर."

मागून बारपाशी कुणीतरी ओरडलं, "नेव्हिल, मग आता तरी सरळ आहे का ती?"

लोक हसले, मोकळं हसले. नेव्हिलने पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तिला विचारा," तो माइकमध्ये म्हणाला.

सगळी खोली तिच्याकडे वळली. ॲव्हरिलने पेटीकडे पाहिलं. करड्या कापडावरची रेघ डावीकडून निघाली, मध्यावर आली आणि तिथे तिला नेहमीसारखी झोळ पडलेली दिसली, जरा जास्तच, डोळ्यांत पाणी असल्यामुळे.

"सरळ आहे," ती मोठ्याने म्हणाली. "वाजव आता."